अंग उशिरा भरणाऱ्या पोराचा लाइनमन कसा होतो

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. मुलगा साडेसोळा वर्षांचा, ओहायोत अकरावीत शिकतो. उंची ६ फूट ४ इंच, वजन २०८ पौंड, म्हणजे ९४ किलो. दहावीपर्यंत फक्त बास्केटबॉल खेळला. यंदा शाळेच्या अमेरिकन फुटबॉल टीमने ओढून नेला आणि उजवा टॅकल, म्हणजे समोरच्यांना अडवणाऱ्या रांगेतला कडेचा लाइनमन, म्हणून उभा केला. कोच म्हणतो, हा कॉलेजात खेळेल. पण वर्गातल्याच दुसऱ्या एका मुलाला नववीतच मोठ्या कॉलेजची ऑफर आली, आणि तो २९० पौंडांचा आहे. तुमच्या घरात मांस शिजत नाही, अंडी चालतात. उशीर झालाय का, वजन कसं वाढवायचं, आणि मुळात या नादाला लागू द्यावं का, असं तुम्ही विचारलंय.

मी मूळचा सांगली जिल्ह्यातला. गेली १९ वर्षं इकडे मिडवेस्टातल्या छोट्या कॉलेजांत स्ट्रेंग्थ कोच, म्हणजे खेळाडूंच्या ताकदीच्या व्यायामाचा कोच, म्हणून काम करतो, आणि त्यातला निम्मा वेळ लाइनच्या पोरांबरोबर गेलाय. त्यामुळे उत्तर लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

उशीर झालेला नाही. फुटबॉलच्या मैदानावर सगळ्यात उशिरा पिकणारी जागा कुठली असेल तर ती हीच. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: ऑफेन्सिव्ह लाइन म्हणजे क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याच्या, पुढे उभे असलेले पाच जण. मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, कडेला टॅकल. सेंटर चेंडू मागे देतो तेवढं सोडलं तर यांचा चेंडूशी संबंध येत नाही. समोरून येणाऱ्याला अडवायचं, नाहीतर ढकलून वाट मोकळी करायची. चेंडू घेऊन पळणारा पोरगा अठराव्या वर्षीही वेगाच्या जोरावर चमकून जातो. लाइनमनला मात्र अठराव्या वर्षी समोर बावीस-तेवीस वर्षांचा, १२० किलोचा, अंगाने पूर्ण भरलेला गडी असतो. खांदे, पाठ, कंबर हे सगळं पुरुषासारखं व्हायला विसावं-एकविसावं उजाडतं. तोवर त्याने काय शिकून ठेवलंय, यावर पुढचं ठरतं.

आणि तो २९० पौंडांचा वर्गमित्र? त्याचं चांगलंच होवो. पण अशा मुलांचं मी बरंच पाहिलंय. बारा-तेराव्या वर्षी वयात आलेला पोरगा नववीत सगळ्यांना नुसत्या वजनाने लोटतो. पाय हलवायची गरजच पडत नाही, म्हणून ते शिकतही नाही. एकविसाव्या वर्षी बाकीचे अंगाने त्याच्या बरोबरीला येतात तेव्हा त्याच्याकडे जास्तीचं काही उरत नाही. सगळ्यांचं असंच होतं असं नाही. काही जण दोन्ही घेऊन येतात आणि ते खरेच मोठे होतात. पण नववीतलं वजन बघून तुम्ही झोप उडवून घेऊ नका.

उदाहरण हवं असेल तर मिशिगनमधल्या माउंट प्लेझंट गावाकडे बघा. तिथे सेंट्रल मिशिगन युनिव्हर्सिटी आहे. मिशिगन आणि मिशिगन स्टेट यांच्या सावलीतलं कॉलेज, नामवंत पोरं तिकडे जातात आणि उरलेली इकडे येतात. जो स्टेली इथे टाइट एंड म्हणून आला, म्हणजे थोडं अडवायचं आणि थोडं चेंडू झेलत पळायचं अशी जागा. त्याला टॅकल केला. २००७ मध्ये एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगच्या टीम दरवर्षी फेरीफेरीने कॉलेजची पोरं निवडतात त्यात, पहिल्याच फेरीत २८ वा गेला आणि सॅन फ्रान्सिस्कोकडून १३ सीझन खेळला. मग एरिक फिशर. हायस्कूलमध्ये असताना मोठ्या कॉलेजांनी त्याला फारसं विचारलं नव्हतं, आणि २०१३ च्या ड्राफ्टमध्ये तो अख्ख्या देशात पहिला निवडला गेला. २०२१ च्या टीममध्ये तर गंमतच होती. डावा टॅकल बर्नहार्ड रायमन, मूळचा ऑस्ट्रियाचा, एक्सचेंज स्टुडंट म्हणून मिशिगनला आलेला, परत जाऊन तिथली सक्तीची लष्करी नोकरी करून पुन्हा आलेला. उजवा टॅकल ल्यूक गेडेकी, विस्कॉन्सिनमधल्या स्टीव्हन्स पॉइंट या डिव्हिजन थ्री, म्हणजे कॉलेज खेळाच्या सगळ्यात खालच्या पायरीवरच्या, कॉलेजातून आलेला. दोघेही टाइट एंड म्हणूनच आले होते. २०२२ मध्ये गेडेकी दुसऱ्या फेरीत गेला, रायमन तिसऱ्या.

एकाच छोट्या कॉलेजातून इतके जण निघाले तर त्याला योगायोग म्हणवत नाही. ही माणसं उंच, लांब हातांची, हलक्या पायांची आणि अजून न भरलेली पोरं शोधतात आणि थांबतात. फिशरच्याच ड्राफ्टमध्ये चौथा गेलेला लेन जॉन्सन टेक्सासमधल्या किलगोर ज्युनियर कॉलेजात चक्क क्वार्टरबॅक होता. पुढे ओक्लाहोमात टाइट एंड, मग डिफेन्सिव्ह एंड, म्हणजे बचावाच्या रांगेतला कडेचा, मग टॅकल. नॉर्थ डकोटा स्टेटचा कोडी माउच वॉक-ऑन, म्हणजे स्कॉलरशिपशिवाय आलेला टाइट एंड होता. २०२३ मध्ये दुसऱ्या फेरीत गेला. अमुक जागी आज हा बसत नाही, पण अंग भरल्यावर कुठे बसेल, एवढं बघणारी नजर लागते. आमच्याकडचे वस्ताद असेच बघायचे. पोरगा तालमीत आला की आधी त्याची मनगटं आणि पावलं बघायची, दंड नंतर.

तर आता तुमच्या पोराकडे येतो. वजनाचा विषय तुम्ही पहिला काढलात, मी मुद्दाम मागे ठेवतो.

आधी पाय. आज संध्याकाळी त्याला स्वयंपाकघराच्या फरशीवर अनवाणी उकिडवं बसायला सांगा. टाचा जमिनीला टेकलेल्या, छाती वर, दोन मिनिटं. माझे आजोबा ओट्यावर असे तासभर बसून विडी ओढायचे. इकडे खुर्चीत वाढलेली ६ फूट ४ इंची पोरं तीस सेकंदांत मागे पडतात, नाहीतर टाचा उचलतात. ज्याला उकिडवं बसता येत नाही तो उंच लाइनमन खाली जाताना गुडघ्यात न वाकता कमरेत वाकतो. कमरेत वाकलेल्याचं डोकं पुढे जातं, वजन अंगठ्यावर येतं, आणि समोरच्याने हात धरून खाली ओढलं की हा नाकावर आपटतो. या खेळात जो खाली तो जिंकतो, आणि उंच पोराला खाली जायला घोटा आणि खुबा मोकळा लागतो. भिंतीसमोर एका पायावर गुडघा टेकून बसायचं, दुसरं पाऊल पुढे, टाच न उचलता त्याचा गुडघा भिंतीला लावायचा. अंगठा भिंतीपासून चार इंचांवर असताना गुडघा टेकला तर घोटा ठीक. तीन इंचांच्या आत अडकत असेल तर रोज दहा मिनिटं त्याच्यावर घालवा. वजन वाढवण्याआधी हे व्हायला हवं, कारण न वाकणाऱ्या घोट्यावर चाळीस पौंड चढवले की त्याची किंमत गुडघा मोजतो.

दुसरी गोष्ट, किक-स्लाइड. पास टाकायचा असतो तेव्हा टॅकल मागे सरकत अडवतो. उजव्या टॅकलचा उजवा पाय मागे असतो. चेंडू सुटला की डाव्या पायाने जमीन ढकलायची, उजवा मागे-बाजूला टाकायचा, आणि डावा तेवढाच सरकवायचा. दोन पावलांमधलं अंतर बदलता कामा नये. टाचा एकमेकींना लागल्या की मेलात. खांदे समोर, उघडायचे नाहीत. तुमच्या मुलाला इथे बास्केटबॉलचा फायदाही आहे आणि तोटाही. बचावात सरकायची सवय आहे, त्यामुळे पाय हलके असणार. पण बास्केटबॉलमध्ये समोरचा वेगाने बाजूने निघाला की आपण कंबर फिरवून त्याच्याबरोबर पळतो. लाइनवर तेच केलं तर आतल्या बाजूला दरवाजा सताड उघडा. ही एक सवय मोडायला मला साधारण एक सीझन लागतो.

मी पोरांचे बूट तपासतो. हसतात, पण उलटे करून दाखवायला लावतो. टर्फच्या बुटाच्या तळाला रबरी दाणे असतात. उजव्या टॅकलच्या डाव्या बुटाचे दाणे अंगठ्याच्या मुळाशी, आतल्या कडेला झिजलेले असले तर तो बरोबर ढकलतोय. टाचेकडे झिजलेले असले तर मागे रेलून उभा राहतोय. आणि दोन्ही बूट सारखेच झिजलेले असले तर पोरगा सरावात नुसता उभा असतो, ही खात्री. गेल्या वर्षी एकाचा डावा बूट ऑक्टोबरातच आतून सपाट झाला होता. तो मला इतका आवडला की जिममधल्या कपाटावर ठेवून दिलाय. त्याच्या आईने मला नवीन जोडाचं बिल पाठवलं.

आता माझी चूक सांगतो, कारण तुम्ही तीच करायच्या बेतात दिसताय. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी माझ्याकडे ६ फूट ५ इंचांचा, २३० पौंडांचा पोरगा होता. पाय मांजरासारखे. मला घाई झाली. मे ते ऑगस्ट या चौदा आठवड्यांत मी त्याच्यावर ३८ पौंड चढवले. रोज वजनकाट्यावर उभा करायचो आणि आकडा फळ्यावर लिहायचो, सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. ऑगस्टच्या कॅम्पमध्ये चौथ्या दिवशी तो गुडघ्यावर हात ठेवून उभा होता आणि त्याच्याहून वीस पौंडांनी हलका पोरगा त्याच्या बाजूने वाऱ्यासारखा निघून जात होता. ते ३८ पौंड म्हणजे बहुतेक पोट होतं. दोन्ही गुडघ्यांखालच्या शिरा सुजल्या. वजन उतरवण्यात आणि पाय परत आणण्यात आख्खं वर्ष गेलं. नंतर तो खेळला, चांगला खेळला, पण ते वर्ष माझ्या खात्यावर आहे. तेव्हापासून आकडा फळ्यावर लिहिणं बंद.

हिशोब असा करा. मुलगा २०८ वर आहे. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी तो सुमारे २९० वर असला तर कुठल्याही चांगल्या लाइनवर उभा राहील. मध्ये साधारण चार वर्षं आहेत. ८२ पौंड भागिले ४८ महिने, म्हणजे महिन्याला पावणेदोन पौंडांच्या आत, पाऊण किलो. एवढंच. काही महिने दोन किलो वाढेल, काही महिने सीझनमध्ये काहीच नाही. बारावीचा सीझन सुरू होताना २३० ते २३५ असला तरी मी खूश. एखादा कोच म्हणाला, ‘उन्हाळ्यात २६० करून आण,’ तर मान हलवा आणि घरी या.

महिन्याला पाऊण किलोसाठी त्याच्या सध्याच्या खाण्यावर रोज चार-पाचशे कॅलरी जास्त पुरतात. प्रथिनं दर किलो वजनामागे १.६ ते २ ग्रॅम धरा, म्हणजे त्याला रोज १५० ते १९०. मांसाशिवाय हे जमतं, पण नुसत्या वरणभातावर नाही. वरणाच्या वाटीत आठ-नऊ ग्रॅम असतात, आपण समजतो त्याच्या निम्मे. सहा अंडी ३६, दोनशे ग्रॅम पनीर तेवढंच, लिटरभर दूध ३३, सोयाचे कोरडे वडे पन्नास ग्रॅम म्हणजे २६, घट्ट ग्रीक योगर्टचा डबा १७. एवढ्यातच १४८ झाले, मग उसळ, शेंगदाणे, पोळ्या वेगळ्या. माझ्याकडच्या गुजराती पोराच्या आईने मेथीच्या थेपल्यात पीनट बटर भरून रोल करून द्यायला सुरुवात केली होती. दोन तासांनी एक, रसायनशास्त्राच्या तासालासुद्धा. ते पोरगं चार वर्षांत माझ्या कुठल्याही मांसाहारी पोराइतकंच वाढलं. मुद्दा असा की मोठी ताटं तीन वेळा वाढून उपयोग नाही. पोटाला सहा वेळा थोडं थोडं लागतं, आणि या वयातली पोरं सकाळी काही न खाता शाळेत पळतात. पहिलं युद्ध न्याहारीचं.

बेन बार्च नावाचा एक जण आहे. मिनेसोटातल्या सेंट जॉन्स या डिव्हिजन थ्री कॉलेजात टाइट एंड होता, टॅकल झाला. तो रोज सकाळी सात अंडी, कॉटेज चीज, मक्याची पेज, पीनट बटर, केळं आणि गेटोरेड हे खेळाडूंचं सरबत, हे सगळं मिक्सरमधून काढून नाक दाबून प्यायचा. २०२० मध्ये चौथ्या फेरीत गेला. तो किस्सा ऐकून पोरं तेच करायला जातात आणि सिंकमध्ये ओकतात. रेसिपीचं सोडा. तो रोज करत होता, एकही दिवस न चुकता, यात सगळं आलं. आपल्याकडे दूध, केळं, ओट्स, शेंगदाण्याचं कूट आणि चमचाभर तूप मिक्सरला लावा. चवीलाही बरं लागतं.

पावडरी आणि गोळ्यांबद्दल: साधी व्हे पावडर चालेल. शाकाहारी पोरांच्या स्नायूंत क्रिएटिन मुळात कमी असतं, त्यामुळे ते घेतलं तर फरक जाणवतो, पण अठराच्या आत आहे, डॉक्टरांना विचारूनच. काहीही घेतलंत तरी डब्यावर ‘एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट’ असा शिक्का बघा. कॉलेजात चाचणी होते, आणि भलत्याच डब्यातल्या भलत्याच पदार्थाने पोराचं वर्ष जाऊ शकतं.

आणि हे मी इतर आयांना सांगत नाही, तुम्हाला सांगतो. आपल्या लोकांना मधुमेह गोऱ्यांपेक्षा कमी वजनात आणि कमी वयात गाठतो. चरबी पोटात साठवायची आपली ठेवण आहे. तुम्ही लिहिलंय की आजोबांना मधुमेह होता. तर मुलाचं एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), कोलेस्टेरॉल, रक्तदाब, बी१२, लोह आणि ड जीवनसत्त्व आत्ता तपासून घ्या आणि दर वर्षी पुन्हा. दर महिन्याला कंबर टेपने मोजा. वजन चार पौंड वाढलं आणि कंबर जिथल्या तिथे, तर छान. कंबर दोन इंच वाढली तर थांबा. घोरायला लागला तर तेही सांगा. भरलेल्या मानेच्या लाइनमनना झोपेत श्वास अडकायचा त्रास होतो. खेळ संपल्यावर वजन उतरवणं हाही या धंद्याचाच भाग आहे. क्लीव्हलँडचा टॅकल जो थॉमस निवृत्त झाल्यावर पन्नासेक पौंडांनी उतरला, आता फोटोत ओळखू येत नाही.

डोक्याबद्दलही बोललं पाहिजे. लाइनमनला मोठे आघात कमी बसतात, पण छोटे धक्के जवळजवळ प्रत्येक खेळीत. याचे दूरचे परिणाम ही खरी चिंता आहे आणि कुणी ती हसण्यावारी नेत असेल तर त्याच्याकडे पोर ठेवू नका. आठवड्यात अंगाला अंग पूर्ण भिडवून सराव किती दिवस असतो ते शाळेच्या कोचला विचारा. हातांनी अडवायचं, डोकं मागे ठेवायचं, असं शिकवतो का ते सरावाला जाऊन बघा. चांगला लाइन कोच दिवसभर ‘हात, हात’ ओरडत असतो.

जिमचं थोडक्यात: स्क्वॉट, डेडलिफ्टचा ट्रॅप बार, रोइंग, पुल-अप्स, मान, आणि एका पायावरचे सगळे प्रकार. बेंच प्रेसचं वेड इकडे फार आहे, हायस्कूलमध्ये तर देवच. लाइनमन दंडाने ढकलत नाही, जमिनीवरून आलेला जोर हातातून काढतो. बैठका काढणाऱ्या पैलवानाला हे समजवावं लागत नाही.

कॉलेजची निवड हा माझ्या मते या सगळ्यातला सगळ्यात मोठा निर्णय आहे. उशिरा भरणाऱ्या पोराला वाट बघणारं कॉलेज लागतं. नियम आधी वाट बघायला मदतच करत होते. पाच वर्षांत चार सीझन खेळायचे, एक वर्ष बसवून ठेवायचं, त्याला रेडशर्ट म्हणतात. २०१८ पासून त्या वर्षात चार सामन्यांपर्यंत खेळलं तरी वर्ष मोजत नाहीत, ही फार चांगली सोय झाली. पण त्याच साली ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची यादी, आलं, आणि २०२५ पासून मोठ्या कॉलेजांच्या टीमला १०५ खेळाडूंची मर्यादा आली. पूर्वी ८५ स्कॉलरशिपवाले आणि वर बरेच वॉक-ऑन असा लवाजमा असायचा. त्या वॉक-ऑनांत विस्कॉन्सिन, नेब्रास्का, आयोवा यांनी कित्येक लाइनमन उगवले. आता ती जागा आक्रसली. बावीस वर्षांचा तयार टॅकल पोर्टलमधून उचलता येत असेल तर अठरा वर्षांच्या २३० पौंडाच्या पोराला तीन वर्षं खाऊ कोण घालणार? मला हे आवडत नाही, पण आहे ते असं आहे.

म्हणून माझा सल्ला उलटा आहे: खालून सुरू करा. एफसीएस (सगळ्यात वरच्या डिव्हिजन वनमधलीच खालची पायरी), डिव्हिजन टू, डिव्हिजन थ्री. तिथे अजून थांबतात, कारण त्यांना तयार माल परवडत नाही. पोरगा फुलला तर त्याच पोर्टलने वर जाता येतं. रायन रामचेकने हेच केलं, तेही पोर्टल यायच्या आधी. हायस्कूलनंतर फुटबॉल सोडून वेल्डिंग शिकायला गेला, मग घराजवळच्या स्टीव्हन्स पॉइंटला खेळला, तिथून विस्कॉन्सिनला. नियमाप्रमाणे एक वर्ष बसला, २०१६ चा एकच सीझन खेळला आणि २०१७ मध्ये पहिल्या फेरीत गेला. आणि न्यूयॉर्कमधल्या होबार्ट या छोट्या कॉलेजातून अली मार्पेट कुठेही न जाता थेट २०१५ च्या दुसऱ्या फेरीत. डिव्हिजन थ्रीला खेळाची स्कॉलरशिप नसते, पण मार्कांवर आणि उत्पन्नावर मदत मिळते, आणि मराठी घरातलं पोर असल्यामुळे मार्कांची बाजू पक्की असेल असं धरतो. डिव्हिजन वनसाठी १६ ठरावीक विषय आणि किमान २.३ जीपीए, म्हणजे चारपैकी गुणांची सरासरी, लागतो. विषयांची यादी शाळेच्या काउन्सेलरकडून आत्ताच तपासून घ्या. बारावीत कळून उपयोग नाही.

कॉलेज बघायला जाल तेव्हा स्टेडियम, लॉकर, चकचकीत स्क्रीन हे दाखवतील. बघा आणि विसरा. लाइन कोचला सांगा, तुमच्या सध्याच्या पाच जणांचे पहिल्या वर्षीचे फोटो दाखवा. दोन तरी काटक्या असल्या पाहिजेत. तो इथे किती वर्षं आहे ते विचारा. दर दोन वर्षांनी कोच बदलत असेल तर वाट कोण बघणार? स्ट्रेंग्थ कोचला भेटा, पहिल्या वर्षात किती वजन वाढवाल म्हणून विचारा. ‘जितकं वाढेल तितकं’ म्हणाला तर नमस्कार करून निघा. आणि एक आईच विचारू शकेल असा प्रश्न: रविवारी रात्री डायनिंग हॉल किती वाजता बंद होतो? माझ्या एका जुन्या कॉलेजात सहाला बंद व्हायचा. पोरं सोमवारी सकाळच्या व्यायामाला उपाशी यायची आणि आम्ही वजन का वाढत नाही म्हणून सभा घ्यायचो.

जाहिरात करणाऱ्या रिक्रूटिंग एजन्सींना हजारो डॉलर देऊ नका. जूनमध्ये कॉलेजांचे एक दिवसाचे कॅम्प असतात, त्यातल्या तीन-चारांना जा, तेही जिथे तो खरंच जाऊ शकेल अशा कॉलेजांच्या. हात मोजून घ्या. खांद्याच्या कडेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत ३३ इंचांच्या वर असेल तर टॅकल, कमी असेल तर गार्ड किंवा सेंटर, त्यात कमीपणा काही नाही. जेसन केल्सी सिनसिनाटीला वॉक-ऑन म्हणून आला, सेंटर झाला, सहाव्या फेरीत गेला आणि पुढे त्या जागेवरचा पिढीतला सगळ्यात चांगला ठरला. व्हिडिओ हडल या खेळाडूंच्या व्हिडिओंच्या साइटवर टाका, पहिल्या पाच खेळ्यांत त्याचे पाय दिसले पाहिजेत. गाणं लावू नका. कोच आवाज बंद करूनच बघतात.

शक्यतेचंही सांगून टाकतो. देशात दहा लाख पोरं हायस्कूल फुटबॉल खेळतात. त्यातली शंभरात सात-आठ एनसीएएच्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या संघटनेच्या, कुठल्यातरी डिव्हिजनला पोचतात. एनएफएल तर विचारातही आणू नका. वर दिलेली नावं वाट कशी असते हे कळावं म्हणून दिली, पोचायचं ठिकाण म्हणून नाही. आपल्यासारखा कुणी पोचलाय का, असं त्याच्या बाबांनी विचारलंय. फिजीच्या भारतीय घरातला बॉबी सिंग पोर्टलंड स्टेटकडून गार्ड म्हणून खेळला आणि सेंट लुईस रॅम्सच्या टीममध्ये असताना त्याला सुपर बाउलची अंगठी मिळाली. मराठी नाव लाइनवर मी तरी अजून पाहिलेलं नाही.

बास्केटबॉल सोडायचा का? मुळीच नाही. या हिवाळ्यात खेळू दे, पायांसाठी त्याहून चांगला व्यायाम मी देऊ शकत नाही. वसंतात गोळाफेक करू दे, खुब्यातून जोर काढायला शिकेल.

या रविवारी एक काम करा. गॅरेजसमोर फोन जमिनीपासून फूटभर उंचीवर, त्याच्या पाठीमागे ठेवा आणि दहा किक-स्लाइड काढायला लावा, सावकाश. मग डावा बूट उलटा करून त्याचा फोटो. हे आणि उकिडवं बसलेलं बाजूने एक, असं तिन्ही पाठवा. घोटा अडकतोय की खुबा, ते बघून व्यायाम लिहून देतो.